भोसले घाटावरचं बॅबिलोन

फाल्गुन लागला की काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत पाठांतर सुरू होतं. छतांवरून, खिडक्यांतून, बंद दुकानांच्या चबुतऱ्यांवरून. थंडी पुरती गेलेली नसते. सकाळी अंगावर घेतलेली शाल दुपारी घडी होऊन डोक्याखाली जाते. कडुनिंब पानं टाकू लागतो. वारा दिवसातून दोनदा दिशा बदलतो आणि पूर्वेचा असला की नदीपलीकडची रेती घेऊन येतो. ती पुस्तकांच्या पानांत सापडते, गादीवर सापडते, भाकरीच्या पहिल्या घासात सापडते.

यंदा वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची मुलगी छतावर फेऱ्या घालत एकच वाक्य म्हणत होती. "मेसोपोटामिया का अर्थ है, दो नदियों के बीच का प्रदेश." थोडं थांबायची, आणि पुन्हा तेच. मी जिन्यात उभा होतो. भाजीची पिशवी हातात होती. हे वाक्य याच जिन्यात पूर्वी ऐकलं होतं, त्याचं उत्तरही ऐकलं होतं. उत्तर बाबांचं होतं.

"मग हाही प्रदेश मेसोपोटामियाच," ते म्हणाले होते. "वरुणा आणि असी. दोन नद्यांच्या मधला. नकाशा दूर कशाला शोधायचा?"

ज्या हंगामाबद्दल लिहितो आहे तो ताईच्या बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा. ताई म्हणजे शरयू, माझी थोरली बहीण. मी तेव्हा शाळेत होतो. बाबा एका इंटर कॉलेजात इतिहास शिकवत, हिंदीतून. ताईचाही विषय इतिहास होता, तोही हिंदीतून. काय पणाला लागलं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते जेवताना बोललं जायचं. पहिला वर्ग मिळाला तर ताई विद्यापीठात एम.ए. करणार, प्राचीन इतिहास घेऊन. नाही मिळाला तर नागपूरचं स्थळ. मुलगा रेल्वेत होता. माणसं चांगली होती, हे आई दर वेळी सांगायची. चांगली माणसं थांबत नाहीत, हेही सांगायची.

आमच्या घरी एक नियम होता. दिवसभर जे हिंदीत वाचलं ते संध्याकाळी मराठीत सांगायचं. बाबांचं म्हणणं असं की जे घरच्या भाषेत सांगता येत नाही ते समजलेलंच नाही, फक्त पाठ झालेलं आहे. एरवी आमची मराठी काशीतल्या सगळ्या मराठी घरांसारखी होती. 'जरा रुक', 'बत्ती बंद कर', 'मला मालूम आहे'. ते चालायचं. पण संध्याकाळच्या त्या तासात एकही हिंदी शब्द आला की उत्तर पहिल्यापासून सुरू करायचं.

आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "आणि भाजीवाला आला तर? त्यालाही मराठी शिकवू?"

"तू परीक्षेला बसलेली नाहीस," बाबा म्हणायचे.

"मी रोजच बसते," आई म्हणायची.

हा तास घरात होत नसे. बाबा ताईला आणि मला घेऊन घाटावर उतरत, कारण त्यांचा नकाशा तिथे होता. मणिकर्णिका म्हणजे इजिप्त. मेलेल्यांची इतकी चोख व्यवस्था ठेवणारा दुसरा देश नाही, असं ते म्हणत. तिथून नदीच्या वाहत्या दिशेनं पुढे गेलं की संकठा घाट. लहान, वर देवीचं देऊळ, म्हणून तो जेरुसलेम. त्याच्या पुढे भोसले घाट, नागपूरच्या राजांनी बांधलेला. खाली सरळ उभी दगडी भिंत, वर खूप उंचावर खिडक्या. ते बॅबिलोन. आणखी पुढे पंचगंगा, ते इराण. मागे दशाश्वमेध, गर्दी आणि तमाशा यांच्यामुळे रोम. आणि समोर, पाण्यापलीकडे, पूर येऊन गेला की वर येणारी आणि उन्हाळ्यापर्यंत पसरत जाणारी ती पांढरी रेती. अरबस्तान.

नकाशा बराचसा बरोबर होता. पुढे नोकरीत असताना मी भिंतीवरच्या नकाशाशी तो ताडून पाहिला आहे. क्रम चुकत नाही.

त्या फेऱ्यांचे वास आजही वेगळे काढता येतात. इजिप्तमध्ये चंदनाचा कमी आणि आंब्याच्या ओल्या लाकडाचा जास्त. जेरुसलेमला झेंडू, तूप आणि शेवाळ. बॅबिलोनच्या भिंतीनं सकाळपासूनचं ऊन धरून ठेवलेलं असायचं. संध्याकाळी तिला पाठ टेकली की शाल लागत नसे. म्हणून सर्वांत लांब उत्तरं तिथे व्हायची. बाबा वरच्या पायरीवर बसत, ताई उभी राहून सांगे, मी भिंतीला टेकून ऐके. हिंदी शब्द निसटला की बाबा म्हणत, "परत. संकठा घाटापासून." आणि सुरुवात नेहमी त्याच दोन शब्दांनी करत. "हं, सांग."

परतल्यावर आई दारातच विचारायची, "इजिप्तला गेला होतात का?" हो म्हटलं तर अंघोळ केल्याशिवाय आत यायचं नाही.

प्राचीन साम्राज्यांबद्दल ताईला पुस्तकात जे मिळत होतं ते राजांची नावं आणि विस्ताराच्या सीमा एवढंच. बाबा मात्र देवांपासून सुरुवात करत. त्यांचं म्हणणं, साम्राज्य कसं वाढलं ते समजायचं असेल तर हरलेल्या गावाच्या देवाचं काय केलं ते बघ. जुन्या काळी शहर जिंकलं की तिथली मूर्ती गाडीत घालून आपल्या राजधानीत आणत. देव कैदेत. त्याचा अर्थ सगळ्यांना कळायचा. तुमचा देव आमच्या देवापुढे हरला.

"मग ज्यांची मूर्तीच नव्हती त्यांचं काय नेणार?" ताईनं विचारलं.

"तेच," बाबा म्हणाले. ते खूश झाल्यावर एवढंच म्हणत.

बॅबिलोनच्या राजानं जेरुसलेम घेतलं, देऊळ पाडलं, शहाणीसुरती माणसं धरून नेली. रिवाजाप्रमाणे त्या माणसांनी मानायला हवं होतं की आपला देव हरला. त्यांनी उलटं मानलं. आपला देव हरलेला नाही, तो या राजाचाही देव आहे, सगळ्यांचाच तो एक आहे. संकठा घाटावरून भोसले घाटावर जाताना बाबांनी हे सांगितलं. एक देव ही कल्पना विजयातून पक्की झाली नाही, पराभवातून झाली. विजय मिळवणाऱ्यांनी ती पुढे उचलली.

ताई लगेच मान्य करणाऱ्यांतली नव्हती. "इजिप्तमध्ये एका राजानं केलंच होतं ना? सगळे देव बंद, एकटा सूर्य."

"तो मेला आणि देव परत आले. वरून लादलेला टिकला नाही."

"रोममध्ये वरूनच आला. तो टिकला."

"रोममध्ये आधी खालून आला. गुलामांत, बायकांत, गल्ल्यांत. मग बादशहाच्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या राज्याला एक कायदा आहे, एक नाणं आहे, तर देवही एक असलेला सोयीचा."

"सोयीचा म्हणजे खोटा?"

"असं मी म्हटलं नाही. तूही पेपरात म्हणू नकोस."

घरी आल्यावर आईनं ऐकून घेतलं आणि देवघराकडे हात केला. तिथे पिढ्यान् पिढ्यांचे देव दाटीनं बसलेले होते. "एकच असता तर माझी सकाळ वाचली असती," ती म्हणाली. "पण मग याच्यातला कुठला ठेवायचा ते तुम्ही ठरवा. मी नाही ठरवणार." बाबांनी विषय बदलला.

अरबस्तानासाठी एकदा होडीनं पलीकडे गेलो. तिथे तेव्हा खरबुजाचे आणि काकडीचे वेल लावलेले असत. त्यांच्या मधून बाबा चालत होते आणि सांगत होते की रोम आणि इराण ही दोन मोठी राज्यं एकमेकांशी लढून कशी थकली होती, आणि त्यांच्या मधल्या वाळवंटाकडे, जिथून व्यापाऱ्यांचे तांडे जात, कोणाचं लक्ष नव्हतं. इस्लाम तिथे उदयाला आला. पलीकडून आमचा किनारा एका नजरेत दिसत होता. पंचगंगेच्या मशिदीतून अजान सुरू झाली, पाठोपाठ संकठेच्या देवळात घंटा. होडीवाला म्हणाला, "गुरुजी, जल्दी कीजिए, अँधेरा हो जाएगा." ताई पायानं वाळूत रेषा ओढत होती.

"बाबा, इथे उंट हवे होते," ती म्हणाली.

इथे एक सावध सूचना स्वतःलाच द्यावी लागते. वाळू, साम्राज्यं, पुसल्या जाणाऱ्या रेषा ही उपमा इतकी हाताशी आहे की वर्तमानपत्राच्या कोणत्याही डेस्कवर ती सर्वांत आधी कापली जाईल. बाबा तिथे उपमेसाठी गेले नव्हते. जागा मोठी होती आणि नकाशात तिथे वाळवंट होतं, म्हणून गेले होते.

खरा प्रश्न भोसले घाटावर निघाला, होळीच्या आदल्या आठवड्यात. इराणच्या सायरसनं बॅबिलोन घेतलं आणि धरून आणलेल्यांना सांगितलं, तुम्ही घरी जाऊ शकता. थोडे गेले. पुष्कळ गेले नाहीत. त्यांची घरं झाली होती, धंदे झाले होते, मुलं त्या गावात जन्मली होती.

"जे गेले नाहीत त्यांचं काय झालं?" ताईनं विचारलं.

"पुस्तकात काय आहे?"

"पुस्तकात नाही. एक ओळ आहे, की देऊळ नसल्यामुळे ते शनिवार कडक पाळू लागले. मग पुस्तक गेलेल्यांच्या मागे जातं."

ताई पुढे म्हणाली, "आपण परत का नाही गेलो?"

"कुठे?"

"महाराष्ट्रात. आपले लोक पेशवाईत आले. राज्य गेलं. वर्षासन बंद झालं. मग जायचं ना परत."

"तिथे आपल्याला कोण ओळखत होतं?"

"इथे कोण ओळखतं?"

बाबांनी पाठीमागच्या भिंतीवर हात ठेवला. ज्यांनी ती बांधली त्यांचं राज्य कधीच गेलं होतं. भिंत कोमट होती. "अंधार पडतोय," ते म्हणाले. "उरलेलं तूच शोध."

मला ती संध्याकाळ तिच्या उत्तरासाठी आठवत नाही, कारण उत्तर मिळालंच नाही. ताईच्या चेहऱ्यासाठी आठवते. तिला एम.ए. कशासाठी करायचं होतं ते त्या दिवशी कळलं. नोकरीसाठी नाही, नागपूर टाळण्यासाठीही नाही. तिला तो प्रश्न पुढे न्यायचा होता.

पेपर होळीनंतर होता. ताईच्या नखांत गुलाल तसाच राहिला होता. ती दुपारी परत आली, पाणी प्यायली आणि जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. बाबा बाहेर आले.

"बाबा, मी बॅबिलोन मराठीत लिहिलं."

"म्हणजे?"

"सगळं उत्तर. रोम हिंदीत लिहिलं, इजिप्त हिंदीत लिहिलं. बॅबिलोनचा प्रश्न आला आणि मी भोसले घाटावर होते. घंटा झाली, वाचायला घेतलं, तेव्हा दिसलं."

ही चूक कोणाच्याही हातून होण्यासारखी नव्हती. इंग्रजीतून शिकणाऱ्याच्या हातून झाली नसती, पुण्यातल्याच्या हातून झाली नसती. लिपी एकच असल्यामुळे हात अडखळला नाही. आणि तो विषय तिनं ज्या भाषेत उभं राहून, चुकल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितला होता, त्या भाषेत तो खाली उतरला.

"किती पानं?" बाबांनी विचारलं.

"बरीच. सगळ्यात लांब तेच झालं."

आई दारात आली होती. "मग आता काय होणार?"

"तपासणारा मराठी असला तर वाचेल," बाबा म्हणाले.

"आणि नसला तर?"

"लिपी तीच आहे. अर्धं कळेल."

"अर्ध्याचे गुण अर्धेच देतात," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून, "विद्यापीठात तुमच्या ओळखी आहेत. जाऊन सांगा कोणाला तरी. मुलीची चूक झाली म्हणून सांगा."

"परीक्षकाच्या शोधात मी जाणार नाही."

"नियम तुमचा होता."

बाबा गेले नाहीत. ताईनंही त्यांना जा म्हटलं नाही.

निकालापर्यंतचा उन्हाळा लांब होता. लू सुटली की गल्लीतली दुकानं दुपारी अर्धी फळी लावून घेत. आम पन्ह्याचा माठ, ओल्या पोत्यांच्या पडद्याचा वास, तिसऱ्या प्रहरी छतावर शिंपडलेलं पाणी आणि त्यातून वर येणारी वाफ. संध्याकाळच्या फेऱ्या बंद झाल्या होत्या, कारण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नागपूरची मंडळी येऊन मुलगी बघून गेली. त्यांना ती आवडली. त्यांना काशीचीही हौस होती. बाबांनी त्यांना भोसले घाट दाखवला. तुमच्याच राजांचा, असं सांगितलं. सासरेबुवा भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "काय दगड आहे!" ताई माझ्याकडे बघून हसू दाबत होती.

निकाल दुसऱ्या वर्गाचा आला.

गल्लीत आणि नातेवाइकांत गोष्ट पसरली की शरयूनं पेपर मराठीत लिहिला आणि वर्ग गेला. ती अजून तशीच सांगितली जाते. इंदूरच्या एका लग्नात मी ती तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकली आहे. ती खरी नाही. गुणपत्रक आलं तेव्हा त्यात सर्वांत जास्त गुण त्याच पेपराला होते. वर्ग घालवला होता तो तिच्या दुसऱ्या विषयानं, अर्थशास्त्रानं.

बाबांनी ते गुण पुन्हा वाचले. "कोणीतरी वाचलं," ते म्हणाले.

एवढंच. म्हणजे या शहरात, किंवा पेपर जिथे गेले त्या शहरात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे एक माणूस बसलेला होता, ज्याला ती भाषा येत होती. कदाचित तोही न परतलेल्यांतला. त्यानं पानं उलटली, काय झालं ते त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते उत्तर म्हणून तपासलं. तो कोण होता ते कधी कळलं नाही. मी पुढे आयुष्यभर बातम्या तपासल्या. ज्या बातमीचा पाठपुरावा करावासा वाटला आणि केला नाही अशी ती एकच.

ताईचं लग्न मार्गशीर्षात झालं. गाडी सुटताना तिनं खिडकीतून मला जवळ बोलावलं. डोळे रडून लाल होते, तरी आवाज तिचा नेहमीचा होता. "नंद्या, बघितलंस ना? बाबांनी मला बॅबिलोनलाच दिलं."

नागपुरात तिच्या मराठीला हसले. आमच्यात हिंदी मिसळलेली म्हणून नाही. उलट. त्या तासाची सवय लागून ती नव्या माणसांशी फार नेटकी बोलायची आणि नागपूरकर तर हिंदी बिनदिक्कत मिसळतात. पहिल्या माहेरपणाला आली तेव्हा सांगत होती, "माझ्या नणंदेला म्हटलं, आपण कृपया बसावे. ती म्हणे, वहिनी, नाटक करून राहिल्या काय? बाबा, तुम्ही तिथे आलात तर सगळ्या गावाला संकठा घाटापासून परत सुरू करावं लागेल." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी फारसं पाहिलं नाही.

एम.ए. झालं नाही. तिनं कॉलनीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, मुख्यतः परीक्षांच्या दिवसांत. घाट नव्हते, म्हणून चौक घेतले. सीताबर्डी रोम, महाल बॅबिलोन. मुलं पास होत. बाबा गेले, नंतर आई. मी काशीतच राहिलो, एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर, निवृत्त होईपर्यंत. माझ्या हातून छापायला गेलेला प्रत्येक शब्द हिंदी होता. घरी बायकोशी मराठी होती. ती इंदूरची. ती गेल्यापासून घरात मराठी नाही. मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर हिंदीत सुरू होतो आणि मीही त्याच्या मागे जातो. कोणी बंदी घातलेली नाही. नियम मोडायला घरात कोणी नाही, पाळायलाही नाही.

यंदा त्या छतावरच्या मुलीचं वाक्य ऐकलं आणि मी ताईला फोन केला. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले. ती मुलाकडे असते. म्हटलं, ये. ती आली.

ती आली तेव्हा मी एक गोष्ट ठरवून बसलो होतो. आल्या दिवशीच ती तिला दिसली असावी, कारण मी खालची खोली रंगवून घेतली होती.

आम्ही रोज संध्याकाळी खाली उतरलो. गुडघ्यांमुळे ती पायऱ्यांवर आडवी उतरते, एक हात माझ्या खांद्यावर. दशाश्वमेधला आरतीची गर्दी बघून म्हणाली, "रोम वाढलं रे." मणिकर्णिकेजवळच्या कितीतरी गल्ल्या आता नाहीत. ती वाट शोधत उभी राहिली आणि मग काही न विचारता पुढे निघाली. नदीत दिव्यांनी मढवलेली मोठी बोट गाणी लावून चालली होती. आणि पलीकडच्या रेतीत, जिथे खरबुजाचे वेल असत, तिथे पर्यटकांसाठी उंट उभे होते. पाठीवर रंगीत झुली.

ताई थांबली. "अरे, उंट!" तिनं माझा दंड धरला. "अरबस्तानात उंट आले! बाबांना सांगायला हवं."

मग आम्ही पुढे निघालो.

भोसले घाटाची भिंत कोमट होती. ती टेकून बसली. मी तेव्हाच विचारलं. "ताई, आता राहा ना इथेच. खोली आहे. तिकडे तुला काम काय आहे?"

"बघितली खोली," ती म्हणाली. "रंग चांगला दिलास."

"मग?"

"नातीची परीक्षा आहे. तिचा इतिहास माझ्याकडे असतो." थोडं थांबून, "आणि परीक्षा नसती तरी काय रे. पहिली पाच वर्षं मी तिथे रोज इथलं स्वप्न बघायची. मग कधी बंद झालं ते समजलंच नाही. आता इथे येऊन राहिली तर तिथलं बघीन. माझं घर तिकडे झालं, नंद्या."

'येऊन राहिली तर.' 'राहिले' नव्हे, नागपुरी 'राहिली'. बाबांच्या तासात एवढ्यावर तिला सुरुवातीपासून सांगावं लागलं असतं. आज ते तिचं बोलणं होतं.

"तुला मराठी बोलायला माणूस हवं आहे, की मी हवी आहे?" तिनं विचारलं.

"दोन्ही."

"हं."

खाली पाण्याजवळ कोणीतरी पितळेची कळशी घासत होतं. मी इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. त्या उत्तराच्या शेवटी काय लिहिलं होतंस? जे गेले नाहीत त्यांचं?

"पूर्ण नाही आठवत. शेवटची ओळ आठवते, कारण ती लिहिताना फार बरं वाटलं होतं." ती समोर पाण्याकडे बघत होती. "देऊळ नव्हतं, म्हणून त्यांनी वार पाळला. जागा नेता येते, पाडता येते. वार कोण पाडणार? असं काहीतरी. ज्यानं तपासलं त्यानं त्या ओळीखाली काय लिहिलं असेल, असं मला पुष्कळ वेळा वाटायचं."

दोन दिवसांनी ती गेली. स्टेशनला जाताना ऑटोवाल्याशी तिनं भाड्यावरून जे भांडण केलं ते अस्सल बनारसी होतं. एक अक्षर विसरलेली नव्हती. डब्यात सामान लावून झाल्यावर ती खिडकीशी आली.

"ऐक. शनिवार ठेवू. दर शनिवारी संध्याकाळी मी फोन करीन. तू खाली उतरायचं, बॅबिलोनला. घरात बसून घ्यायचा नाही."

"पाऊस असला तर? पाणी पायऱ्यांवर असलं तर?"

"तर वरच्या पायरीवर. वार चुकवायचा नाही."

गाडी सुटली. मी खोलीकडे बघायचं टाळून दोन दिवस काढले. वरची मुलगी आता रोमपर्यंत आली होती.

शनिवारी ऊन उतरल्यावर खाली गेलो. भिंतीला पाठ लावली. पलीकडून उंट परत नेत होते, त्यांच्या गळ्यातल्या घंटा पाण्यावरून ऐकू येत होत्या. पंचगंगेला अजान झाली. संकठेच्या घंटा सुरू होऊन थांबल्या. फोन वाजला.

"हं," ताई म्हणाली, "सांग."

काय सांगायचं ते ठरवलेलं नव्हतं. म्हटलं, "काही विशेष नाही. आज इथे मौसम चांगला आहे, भिंत..."

"परत," ती म्हणाली. "संकठा घाटापासून."